इंजिन धुणाऱ्या परसूला

परसू, काल तुझ्या बाराव्याला जाऊन आले. आज अंथरुणातून उठवत नव्हतं. पाय सुजलेत, कंबर धरलीय. तिलारीचा घाट आता माझ्या वयाला सोसत नाही. थोरली रागावली, "आई, एवढ्या लांब कशाला गेलीस? फोन केला असतास तरी चाललं असतं." चाललंही असतं. पण फोनवर तुझ्या शेवंताशी मी काय बोलले असते? दोघी नुसत्या गप्प राहिलो असतो आणि वर तिनेच मला विचारलं असतं, जेवलात काय म्हणून.

तुझी बायको आहे तशीच आहे. दारात पोचले तर पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "आलासा वैनी. ते असते तर उठून बसले असते." पंगतीत माझ्या पानात दोनदा भात वाढला. मी पानावर हात आडवा धरला तर म्हणाली, "ते सांगायचे, वैनी कडक हायत, पण जेवल्याबिगर कुणाला सोडत न्हाईत." बावीस वर्षं माझ्याकडे काम केलंस आणि गावी जाऊन माझ्याबद्दल हे सांगत होतास. ऐकून बरं वाटलं. लाजही वाटली.

जाताना बसमध्ये मला कोण भेटलं ते तुला सांगायचंय. पण आधीचं सगळं सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नाही. तुला ते ठाऊक आहे, तरी सांगते. आपण दोघांनी ते कधी तोंडावाटे काढलंच नाही. आज एकदा काढून बघते.

धारगळला हमरस्त्याच्या कडेला ह्यांनी जुन्या गाड्या विकायचं आवार घातलं, तेव्हा गोव्याला घटक राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. तू आलास तो कुणाच्या तरी ओळखीने. तुझ्या चंदगडकडची माणसं तेव्हा इथे बांधकामावर यायची. तू म्हणालास, "सिमेंट नको मालक, छाती भरती. पाण्याचं काम द्या." ह्यांनी तुझ्या हातात बाल्दी आणि फडकं दिलं. तू पत्रा पुसायचा सोडून सरळ बॉनेट उघडलंस. हे म्हणाले, "आधी बाहेरून पूस. गिऱ्हाईक बाहेरून बघतं." तू म्हणालास, "बाहेरनं बघून झाल्यावर आतच येतंय न्हवं का?" हे हसले. त्या दिवसापासून बाहेरचं काम दुसऱ्याला मिळालं आणि आतलं तुला.

तुझं काम मी ओसरीत बसून बघायची. इंजिन गार झाल्याशिवाय तू हात लावायचा नाहीस. कितीही घाई असो, गाडी जांभळीच्या सावलीत उभी करून बॉनेट उघडं टाकायचास आणि विडी न ओढता नुसता उकिडवा बसायचास. मग बॅटरीची एक वायर सोडवायची, जिथे पाणी जाऊन चालत नाही तिथे प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. रॉकेल लावून ठेवायचं, मळ सुटा होऊ द्यायचा. मोठ्या जागांना नारळाच्या सोडणाचा कुंचला, फटींना दात घासायचा जुना ब्रश. पाणी अगदी बेताचं. शेवटी वारा मारून सुकवायचं, खालच्या पत्र्याला काळा रंग, रबरी नळ्यांना ग्लिसरीन. ते काम झालं की दहा वर्षांची गाडी लग्नाला निघाल्यासारखी दिसायची.

आणि मळ बघून तू गाडीचा गाव सांगायचास. लाल पीठ निघालं की, "ही डिचोलीची, खाणीवर फिरलीया." खालच्या पत्र्याला गंज आणि बारीक वाळू असली की, "ही मोरजी-हरमलची, दर्याच्या अंगाची." एकदा पार्सेहून आलेल्या गाडीत बॅटरीमागे काजूबियांचा ढीग निघाला, उंदरांनी साठवलेला. तू त्या धुवून उन्हात वाळत घातल्यास आणि मला विचारलंस, "वैनी, भाजू काय?" मी फेकून दे म्हणाले. तू फेकल्या नाहीस, मला ठाऊक आहे. जांभळीमागून वास येत होता.

भाषेवरून आपली रोजची गंमत चालायची. हे मराठीवाले. राजभाषेच्या भांडणात मोर्चे काढलेले, आवाराची पाटी हट्टाने मराठीत लिहिलेली. तू महाराष्ट्रातून आलेला म्हणून ह्यांना वाटलं आपला एक माणूस वाढला. आणि तू सहा महिन्यांत कोकणी उचललीस. मी तुला मराठीत हाक मारायची आणि तू उत्तर द्यायचास, "येतां गे वैनी." हे चिडायचे. तू म्हणायचास, "मालक, आमच्या सीमेवर हेच भांडाण हाय, कानडी का मराठी. आमी दोन्हीकडं भाजी इकतो." तो वाद ह्यांनी अर्ध्यावर सोडला. वैशाखात छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत हे गेले. 

पुढचं सांगायला मला तुझ्यापाशीच धीर होतो. मुलींना कधी सांगितलं नाही.

ह्यांना जाऊन तीन महिने झाले होते. आवारात पाच गाड्या उभ्या होत्या आणि एकही हलत नव्हती. गिऱ्हाईक यायचं, पांढऱ्या कपाळाची बाई बघायचं, "मालक कधी येतात?" विचारायचं आणि मालक नाहीत म्हटल्यावर निघून जायचं. दीर दर रविवारी येऊन सांगायचे, "वहिनी, हा बायकांचा धंदा नव्हे. आवार मोडू या." मी म्हणायची, एक गाडी विकू द्या मला. एक विकली की मग बोला.

मग पार्सेच्या शाळेतले सदाशिव मास्तर आले. शांत माणूस. मालक कधी येतात असं त्यांनी विचारलं नाही. मला नमस्कार केला आणि म्हणाले, "मला गाडीतलं काही कळत नाही. म्हातारी आई आहे, तिला बसमध्ये चढवत नाही. तुम्ही सांगाल ती घेईन." डिचोलीहून आलेली पांढरी गाडी त्यांना आवडली. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन येतो म्हणाले.

शनिवारी दुपारी तू बॉनेट उघडलंस. थोड्या वेळाने हात पुसत ओसरीपाशी आलास.

"वैनी, हिचं वरचं पॅकिंग गेलंय. तेल पाझरतंय आणि खाली सायलेन्सरच्या तापल्या पाइपावर पडतंय."

"मग पूस."

"पुसलं तर दिसायचं न्हाई. पर येयाचं ऱ्हायचं न्हाई. सोमवारी म्हापशाहून पॅकिंग आणू, बसवू, दोन दिस चालवून बगू. मग धुतो."

"मास्तर उद्या यायचेत."

"त्येंला सांगा, आठ दिवसांनी या."

मला आठ दिवस दिसले. आठ दिवसांत येणारा दुसरा रविवार दिसला आणि दीर. मी म्हणाले, "मुलगी बघायला येतात तेव्हा घरची माणसं तिला चांगली साडी नेसवतातच ना? त्यात काय खोटं?"

तू फडकं खांद्यावर टाकलंस. मग म्हणालास, "साडी नेसवा वैनी. तापानं फणफणल्याली पोर तेवढी उभी करू नका."

त्यावर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मालक असते तर असं तोंड वर करून बोलला असतास?" म्हणाले. मालक असते तर आठ दिवस थांबले असते, हे मला ठाऊक होतं. तुलाही होतं. तू बाल्दी उचललीस आणि गेलास.

तू ते काम किती सुरेख केलंस. तसं इंजिन मी आधी आणि नंतरही पाहिलं नाही. लाल मातीचा कण राहिला नव्हता. मास्तरांच्या आईने वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "बाय, हें तर म्हज्या रांदचेकुडीपरस नितळ." स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ म्हणाली ती. मी हसले. तू तिथे नव्हतास. जांभळीमागे बसला होतास.

दोन महिन्यांनी ती गाडी मोप्याच्या चढणीवर पेटली.

आता तिकडे विमानतळाचे दिवे आहेत, सारखी वर्दळ असते. तेव्हा तो निव्वळ उघडा कातळाचा सडा होता, मैलभर माणूस नाही. मास्तर, त्यांची बायको आणि आई. धूर यायला लागला तसे तिघे उतरले. मास्तरांनी बॉनेट उघडलं आणि आतला जाळ अंगावर आला. डावा हात कोपरापर्यंत भाजला. बायकोने पदराने माती भरभरून आत टाकली म्हणून जाळ टाकीपर्यंत पोचला नाही.

चौथ्या दिवशी मास्तरांचा मेहुणा आवारात आला. आरडाओरडा केला नाही त्याने. एवढंच विचारलं, "बाई, गाडीत आधीपासून काही होतं काय? भांडायला आलो नाही, मास्तरांना जाणून घ्यायचंय."

आणि मी म्हणाले, "विकली तेव्हा इंजिन लख्ख होतं. तुमच्याच माणसांनी वाकून बघितलंय."

तू चार हातांवर उभा होतास. हातात ओलं फडकं होतं, त्यातून पाणी गळत होतं. मी तुझ्याकडे बघितलं नाही. तो माणूस मान हलवून निघून गेला. तू फडकं पिळलंस, दोरीवर टाकलंस आणि पुढच्या गाडीकडे वळलास. त्यानंतर चार दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. पाचव्या दिवशी सकाळी पोदेराची सायकल आली, मी पाव घेतले, चहा केला, आणि तू नेहमीसारखा ओसरीच्या कडेला येऊन बसलास. मला वाटलं, मिटलं. मी तुझ्या पुढ्यात एक पाव जास्त ठेवला. दुसरं काही ठेवता आलं नाही.

त्यानंतर तू महिन्यातून एक रविवार मागून घ्यायला लागलास. मी विचारलं कुठे जातोस, तर म्हणालास, "हितंच, पार्श्याला. भजनाला." मी विश्वास ठेवला. तुझा गळा कसा होता ते मला ठाऊक असून ठेवला. 

एक सांगते, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. त्यानंतर मी तुला 'नुसतं पूस' असं कधी म्हणाले नाही. तू पॅकिंग गेलंय म्हणालास की पॅकिंग यायचं. तू आठ दिवस म्हणालास की गिऱ्हाईक आठ दिवस थांबायचं, नाहीतर जायचं. आवार चाललं, मुली शिकल्या, दीर पुढे स्वतःची गाडी माझ्याकडून घेऊन गेले. लोक म्हणायचे, धारगळच्या बाईंकडची गाडी डोळे मिटून घ्यावी. ते ऐकताना मी दर वेळी जांभळीकडे बघायची. तू काम करत असायचास. तुझं नाव कुणी घेत नव्हतं आणि मीही सांगत नव्हते.

मग तुझी कंबर गेली. वाकून वाकून गेली. हाताची कातडी रॉकेलने फाटलेली, चिरांमध्ये काळं बसलेलं, ते कुठल्याच साबणाने निघत नव्हतं. "आता घरला जातो वैनी," म्हणालास. मी बस-स्टॉपपर्यंत आले. तुझ्या पिशवीत नारळ घातले, काजू घातले. बस येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं होती. तेव्हा बोलायला हवं होतं. मी विचारलं, "पाण्याची बाटली घेतलीस ना?"

आता बसमधलं ऐक.

काल सकाळी म्हापशाला मी चंदगडची गाडी पकडली. खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. मी शेजारी टेकले. दोडामार्ग गेल्यावर त्यांनी पुढच्या दांडीला डावा हात धरला आणि बाही मागे सरली. कोपरापर्यंतची कातडी चकाकत होती, पाण्यात भिजलेल्या कागदासारखी आक्रसलेली. मी तोंडाकडे बघितलं. त्यांनी मला आधीच ओळखलं होतं.

"तुम्हीही परसूकडेच?" मास्तरांनी विचारलं.

मी मान हलवली. मग मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्या मुलाने फोन केला. वर्षानुवर्षं घरी यायचा तो आमच्या."

आणि मग त्यांनी सांगितलं. तुझं भजन कुठे होतं ते सांगितलं. हात बरा व्हायच्या आधीच तू त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलास. म्हणालास, पॅकिंग गेलेलं मला दिसलं होतं, माझ्या हातून करायचं राहिलं, मालकिणीला ठाऊक नव्हतं. जळलेल्या वायरी मेकॅनिककडून बदलून घेताना तू शेजारी बसून राहिलास. नंतर महिन्यातून एका रविवारी जाऊन बॉनेट उघडायचास, हात फिरवून कुठे ओल आहे का बघायचास, त्यांच्या आईच्या हातची पेज पिऊन परत यायचास. सात-आठ वर्षांनी त्यांनी ती गाडी विकायला काढली, तेव्हा तू म्हणालास, "धुयाची न्हाई." घेणाऱ्यासमोर मळकं इंजिन उघडं टाकलंस आणि बोट लावून एकेक जागा दाखवलीस, इथे थोडं पाझरतं, इथली नळी पुढच्या वर्षी बदला. मास्तर हे सांगताना हसत होते. "त्या माणसाने तरी घेतली," म्हणाले. "म्हणाला, असं कुणी दाखवत नाही."

बस घाटाला लागली होती.  मी म्हणाले, "मास्तर, परसू खोटं बोलला. मला ठाऊक होतं. त्याने शनिवारी मला सांगितलं होतं. तो नको म्हणत होता. मी त्याच्याकडून धुवून घेतली."

त्यांनी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. 

"बाई, मी पस्तीस वर्षं पोरं शिकवली," मास्तर म्हणाले. "दुसऱ्याची चूक आपल्यावर घेणारा मुलगा वर्गात उभा राहिला की ओळखू येतो. तो नको तितका सरळ उभा राहतो. परसू माझ्या दारात तसा उभा होता."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"हो."

"मग तुम्ही कधी आला नाहीत. काही बोलला नाहीत."

"मी कशाला येऊ? तुमची वाट बघितली. वर्ष-दोन वर्षं बघितली. मग सोडून दिलं."

आवाजात राग नव्हता, परसू. राग असता तर मला सोसला असता. त्यांनी पिशवीतून लिंबू काढलं, नखाने टोकरलं आणि माझ्या हातात दिलं. "वास घ्या," म्हणाले, "अजून पाच-सहा वळणं आहेत." त्यांच्या आईबद्दल मी विचारलं. ती जाऊन बरीच वर्षं झाली. माफ करा असं मी म्हणाले, पण बस आवाज करत होती. त्यांना ऐकू गेलं की नाही, मी पुन्हा विचारलं नाही.

तुझ्या घरी आम्ही दोघं एकाच पंगतीला बसलो. येताना मास्तर मुक्कामाला राहिले, तुझ्या मुलाने आग्रह केला म्हणून. मी संध्याकाळच्या बसने परत आले. शेवंताला यातलं काही ठाऊक नाही असं वाटतं. निघताना तिला सांगावं म्हणून मी दोनदा थांबले. ती माझ्यासाठी लाल तांदूळ बांधत होती. तिला सांगून मला हलकं वाटलं असतं, तिला काय मिळालं असतं? नाही सांगितलं. ही सबब आहे की शहाणपण, तू असतास तर बरोबर ओळखलं असतंस. बोलला मात्र नसतास.

मला तुझा रागही येतो, परसू. माझं पाप तू न विचारता उचललंस आणि दर महिन्याला गुपचूप तिकडे वाहून नेलंस. एकदा जरी म्हणाला असतास, "वैनी, चला माझ्याबरोबर," तर मी आले असते. आले असते असं आज म्हणते. त्या काळात तुझ्यावरच ओरडले असते, आणि तुलाही ते कळत होतं. म्हणून तू बोलावलं नसशील.

लिहून लिहून हात दुखायला लागलाय. एक राहिलं, ते लिहिते आणि पडते.

यंदा चवथीला तू फोन केलास. दर वर्षी करायचास. मुलींची चौकशी केलीस, नातवंडांची केलीस. मी माझे गुडघे सांगितले, रस्ता रुंद करताना जांभळ गेली ते सांगितलं, नारळ किती झाले ते सांगितलं. तुझा श्वास लागत होता, मी विचारलं तर म्हणालास, "काय न्हाई, वाईच चालून आलोय."  मागे तुझ्या घरात आरतीच्या झांजा वाजत होत्या. तुला तिकडून हाका मारत होते आणि तू फोन ठेवत नव्हतास.

"आनी काय, वैनी?" तू विचारलंस.

मी म्हणाले, "आणि काही नाही. जा, आरती चुकेल."